गैरअर्जदार

सिव्हिल लाइन्सला, जिल्हा कोर्टाच्या मागच्या भिंतीशी
कडुनिंबाखाली माझं टेबल.
समोर सात पावलांवर श्रावण बारापात्रेचं.
माझं मशीन गोदरेज, त्याचं रेमिंग्टन.
मी पानाला बारा म्हटलं की तो अकरा,
तो अकरावर आला की मी साडेदहा.
गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचो, समोर विचारून या आधी.
एकतीस वर्षं.

मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, पोट त्यावरच;
तेव्हा असले शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत.
'ऑपोनंट' तो, जो तारखेपुरता समोर उभा राहतो
आणि तारीख मिळाली की कँटीनमध्ये शेजारी बसून पोहे खातो.
'ॲडव्हर्सरी' जरा कडक इस्त्रीचा,
त्याचं तोंड सदा तुमच्याकडे, झोपेतसुद्धा.
'फो' फक्त शाळेच्या पुस्तकात भेटला,
तीन कळांचा, टाइप करायला स्वस्त,
पण कुणी कधी टाइप करून मागितला नाही.
'एनिमी' कोर्टात फारसा येत नाही.
तो घरीच असतो.
'रायव्हल' कधी लागला नाही, म्हणून कधी शोधला नाही.

काटोलचा पुंडलिक रेवतकर आला होता एकदा.
संत्र्याच्या बागेची वाटणी, सख्खा भाऊ.
म्हणाला, "लिहा न भाऊ, माहा दुश्मन."
म्हटलं, दुश्मन चालत नाही कागदावर,
गैरअर्जदार लिहावं लागतं.
"म्हंजे काय होते?"
म्हणजे ज्यानं अर्ज केला नाही, तो.
बराच वेळ निंबोळ्या पायानं ढकलत राहिला.
मग म्हणे, "खरं हाय.
त्यानं तरी कुठी अर्ज केला होता, माहा भाऊ व्हाले."

आपल्याकडे तरी काय कमी आहे?
शत्रू पोथीतला, गनीम घोड्यावरचा,
वैरी आईच्या तोंडचा, मन चिंती ते तोही न चिंती.
हाडवैरी मात्र हाडाइतका आतला,
एक्स-रे काढल्याशिवाय दिसत नाही.
आणि दावा, कोर्टात लावतात तोही तोच, मनात धरतात तोही तोच,
टाइप करताना फरक पडत नाही.

यातला बारापात्रे माझा कोण, कधी ठरवलं नाही.
तो लोकांना सांगे, त्याचं स्पेलिंग कच्चं हाय.
मी सांगे, त्याची रिबीन मागच्या दिवाळीची आहे.
वकील हसायचे, छत्तीसचा आकडा म्हणून.
पण छत्तीसात पाठीला पाठ असते,
आम्ही तर दिवसभर तोंडासमोर तोंड,
बसायचो त्रेसष्टासारखे.

या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला गेला.
सोमवारी त्याच्या मशीनवरची ताडपत्री निघाली नाही.
गुरुवारी कळलं, मेयोत होता,
होता असंच म्हणाला सांगणारा.
पुढच्या आठवड्यात त्याचा मुलगा ई-रिक्षा घेऊन आला,
टेबल उलटं करून बांधलं,
चार पाय वर, कोर्टाकडे.

दुपारी काम नव्हतं. जाडा कोश काढला,
पुठ्ठा सुटलेला, आणि तो राहिलेला शब्द शोधला.
लिहिलं होतं, मूळ लॅटिन.
एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघे.

दोन्ही टेबलांच्या मधे, निंबाच्या बुडाशी,
एक माठ आहे. नळ पार फाटकाजवळ.
सोम-बुध-शुक्र मी भरायचो,
मंगळ-गुरू-शनि तो.
हे कधी ठरलं, कुणी ठरवलं,
आठवत नाही; त्यावर एक शब्द बोललो नाही दोघं.
त्याच माठाचं पिऊन
एकमेकांना पाण्यात पाहत होतो.

आज मंगळवार. माठ दोन वाजेपर्यंत कोरडा.
एक साक्षीदार पेला घालून खडखड वाजवून गेला.
मग उठलो, फाटकापर्यंत दोन खेपा केल्या,
गुडघा बोलत होता.
परतलो तर टेबलाशी एक बाई, हातात सातबारा.
"पानाचे किती घेता, बाबूजी?"
बारा, म्हटलं.
आणि सवयीनं हात वर गेला,
समोर विचारून या आधी.